नवी किडनी, जुना आजार

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक या तेवीस वर्षांच्या तरुणाची एक किडनी काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या पोटात बसवली. जगातलं हे पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण. दोघे एकाच बीजापासून जन्मलेले जुळे भाऊ होते, त्यामुळे रिचर्डच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. रिजेक्शन टाळण्यासाठी त्याला औषध द्यावं लागलं नाही. रिचर्ड बरा झाला, रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी त्याने लग्न केलं, त्याला दोन मुली झाल्या. १९६३ मध्ये तो वारला. ज्या नेफ्रायटिसने त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या, तोच आजार भावाच्या किडनीतही उतरला होता.

रोनाल्ड उरलेल्या एका किडनीवर कित्येक दशकं जगला आणि २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. एकाच माणसाच्या या दोन किडन्या. एक त्याच्या स्वतःच्या शरीरात दशकानुदशकं काम करत राहिली, दुसरी भावाच्या शरीरात आठ वर्षांत आजारी पडली. रिजेक्शनचा प्रश्न इथे नव्हता आणि दिलेल्या किडनीत खोटही नव्हती. बिघाड रिचर्डच्या शरीरात होता आणि तो तिथेच राहिला होता. पुढच्या काही वर्षांत त्याच रुग्णालयात आणखी जुळ्या भावंडांमध्ये प्रत्यारोपणं झाली. त्यांतल्याही अनेकांच्या नव्या किडनीत नेफ्रायटिस परतला. १९६८ मध्ये त्या रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला.

प्रत्यारोपणाची तयारी चालू असलेल्या घरात रक्तगट, जुळणी, खर्च, कागदपत्रं आणि समितीची परवानगी यांवर महिनोन्‌महिने बोललं जातं. ‘पहिली किडनी नेमकी कोणत्या आजाराने गेली?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे पडतो. नवी किडनी किती वर्षं टिकेल, याच्या उत्तराचा मोठा भाग याच प्रश्नात आहे. म्हणून तो इथे सावकाश उलगडून पाहू.

गाळणीत काय बिघडतं

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वैद्यकात त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. त्या वाहिन्यांच्या भिंतीला तीन थर असतात. आतून पेशींचं पातळ अस्तर, मध्ये कोलॅजनचा पडदा आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. पोडोसाइटना पायांसारखे अनेक फाटे असतात. ते एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी व क्षार बाहेर पडतात, प्रथिनं मात्र रक्तात राहतात. दिवसभरात दोन्ही किडन्यांमधून मिळून सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

एवढं गाळायचं तर रक्तही तेवढंच लागतं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. त्यामुळे रक्तात घातक अँटिबॉडी, नको ते प्रथिन किंवा क्षार फिरत असतील, तर त्यांची किडनीशी गाठ सतत पडत राहते.

प्रत्यारोपणात नवी किडनी कमरेच्या मागे, मूळ जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वर, बहुतेक वेळा उजव्या बाजूला बसवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या वाहिन्या जोडतात आणि मूत्रनलिका मूत्राशयाला जोडतात. जुन्या किडन्या काही खास कारण नसेल तर तशाच राहू देतात. म्हणजे किडनी दुसऱ्याची आली, जागा वेगळी झाली, पण तिच्यातून वाहणारं रक्त रुग्णाचंच असतं.

आजार परत येणार की नाही, याचा पहिला अंदाज इथूनच बांधता येतो. मूळ दोष किडनीच्याच बांधणीत असेल तर तो जुन्या किडनीबरोबर मागे राहतो. उदाहरणार्थ, किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी वाढत जाणारा आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजार नव्या किडनीत येत नाही, कारण तो दोष दात्याच्या पेशींत नसतो. दोष मूत्रमार्गात असेल, जन्मापासून लघवीच्या वाटेत अडथळा असेल किंवा मूत्राशय नीट रिकामं होत नसेल, तर तो आधी दुरुस्त करावा लागतो. नाहीतर नव्या किडनीवरही मागून तसाच दाब येतो. आणि दोष रक्तात, प्रतिकारशक्तीत किंवा यकृतात असेल, तर तो नव्या किडनीपर्यंत पोहोचू शकतो.

परतणारे आजार

तरुण वयात किडनी गमावणाऱ्यांमध्ये आयजीए नेफ्रोपथी हा आजार वारंवार दिसतो, आशियात तर विशेष. पॅरिसच्या झाँ बर्जे आणि निकोल इंग्ले यांनी १९६८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आयजीए ही घसा, आतडी अशा ओल्या अस्तरांचं रक्षण करणारी अँटिबॉडी. या रुग्णांमध्ये तिच्या काही रेणूंवर साखरेचा एक घटक कमी असतो. शरीर त्या अपुऱ्या रेणूंविरुद्ध आणखी अँटिबॉडी बनवतं, दोघांचे गठ्ठे होतात आणि ते गाळणीत जाऊन साचतात. घसा बसल्यावर किंवा तापानंतर चहासारखी लालसर लघवी होणं, ही त्याची ओळखीची खूण. अनेकांना मात्र काहीच कळत नाही. रक्तदाब वाढलेला निघतो, तपासणीत क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) पाच-सहा आलेलं असतं आणि तोवर किडन्या आकसलेल्या असतात.

प्रत्यारोपणानंतर काही वर्षांत केलेल्या बायॉप्सीत यांच्यापैकी पुष्कळांच्या नव्या किडनीत आयजीएचा साका पुन्हा दिसतो. दिलासा एवढाच की साका दिसणं आणि किडनी जाणं यांत बरंच अंतर असतं. बहुतेकांमध्ये आजार सावकाश चालतो आणि पहिल्या दहा वर्षांत त्यामुळे किडनी गमावणारे थोडे असतात. याच्या उलट घडलेलंही डॉक्टरांनी पाहिलं आहे. दात्याच्या किडनीत आधीपासून नकळत आयजीए साचलेलं होतं आणि ती किडनी वेगळा आजार असलेल्या रुग्णात बसवली, तेव्हा तो साका हळूहळू नाहीसा झाला. दोष रक्तात आहे याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

एफएसजीएसची गोष्ट अधिक अंगावर येणारी आहे. यात पोडोसाइटचे फाटे चपटे होऊन एकमेकांत मिसळतात आणि प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो. या आजाराच्या प्राथमिक प्रकारात साधारण तीनपैकी एका रुग्णाच्या नव्या किडनीत तो परत येतो आणि कधी कधी शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच. पहिली बदललेली किडनी याच कारणाने गेली असेल, तर दुसऱ्या वेळी धोका कितीतरी पटीने वाढतो.

२०१२ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी एक विलक्षण घटना प्रसिद्ध केली. २७ वर्षांच्या एका रुग्णाला बहिणीने किडनी दिली होती. त्या किडनीत एफएसजीएस लगेच परतला आणि उपचारांना दाद देईना. दोन आठवड्यांनी ती किडनी काढावी लागली. ती टाकून न देता, रुग्णाच्या आणि बहिणीच्या संमतीने, मधुमेहाने किडन्या गमावलेल्या ६६ वर्षांच्या दुसऱ्या रुग्णाला बसवण्यात आली. तिथे ती सुधारली, प्रथिनं जाणं थांबलं आणि ती नीट काम करू लागली. पहिल्या रुग्णाच्या रक्तातलं काहीतरी त्या किडनीला मारत होतं. अलीकडच्या काही वर्षांत त्या ‘काहीतरी’चा थोडा माग लागला आहे. पोडोसाइटच्या फटींमध्ये नेफ्रिन नावाचं प्रथिन असतं आणि काही रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत.

एफएसजीएसचा एक आनुवंशिक प्रकारही आहे. त्यात पोडोसाइटची प्रथिनं घडवणाऱ्या जनुकातच दोष असतो. बायॉप्सीत दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण आनुवंशिक प्रकार नव्या किडनीत क्वचितच परततो. म्हणून लहान वयात हा आजार झालेल्या मुलांची जनुकीय तपासणी प्रत्यारोपणाआधी करणं मोलाचं ठरतं. एकच नाव लागलेल्या दोन मुलांचं भविष्य त्या तपासणीने वेगळं कळतं.

मेम्ब्रेनस नेफ्रोपथीत पीएलए२आर या पोडोसाइटवरच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनते. हे २००९ मध्ये उमगलं आणि तेव्हापासून ती अँटिबॉडी रक्तात मोजता येऊ लागली. प्रत्यारोपणाच्या वेळी ती जास्त असेल तर आजार परतण्याची भीती अधिक, हे आधीच ओळखून लक्ष ठेवता येतं आणि गरज पडली तर रिटुक्सिमॅब हे औषध देता येतं.

प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया दुर्मीळ आहे, पण तो चुकला तर फार महागात पडतो. इथे दोष यकृतातल्या एका एन्झाइमचा असतो. यकृत ऑक्झॅलेट प्रमाणाबाहेर बनवतं, त्याचे खडे आणि स्फटिक किडनीत साचतात. फक्त किडनी बदलली तर तेच यकृत नव्या किडनीतही स्फटिक भरतं, कधी काही आठवड्यांत. म्हणून अशा रुग्णाला यकृत आणि किडनी दोन्ही बदलण्याचा विचार करावा लागतो. २०२० मध्ये लुमासिरान हे औषध आल्याने यकृतातलं ऑक्झॅलेट कमी करण्याची वाट खुली झाली आहे. लहानपणापासून वारंवार खडे होणाऱ्या आणि पुढे किडनी निकामी झालेल्या रुग्णात हा आजार आधी शोधलाच पाहिजे.

अटिपिकल एचयूएस या आजारात रक्तातली कॉम्प्लिमेंट ही संरक्षक यंत्रणा बेताल होते आणि किडनीच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या करते. त्यावर २०११ पासून एक्युलिझुमॅब उपलब्ध आहे. त्याने किडन्या वाचतात, पण ते इतकं महाग आहे की आपल्याकडच्या बहुसंख्य कुटुंबांना ते झेपत नाही. त्यामुळे अशा रुग्णांचं नियोजन प्रत्यारोपणापूर्वीच व्हावं लागतं.

अल्पोर्ट सिंड्रोम उलट्या बाजूने शिकवतो. यात गाळणीच्या मधल्या पडद्याचं कोलॅजन सदोष असतं. नव्या किडनीत कोलॅजन निरोगी असतं, म्हणून आजार परतत नाही. परंतु ते निरोगी कोलॅजन शरीराने पूर्वी कधी पाहिलेलं नसतं. थोड्या रुग्णांमध्ये शरीर त्याच्यावरच हल्ला चढवतं. अल्पोर्टमध्ये दाता निवडतानाही सावध राहावं लागतं. आजारी मुलाची आई स्वतः त्या जनुकाची वाहक असू शकते आणि किडनी देऊन ती स्वतःलाच धोक्यात घालू शकते. आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांकडून येतात आणि देणाऱ्यांत आया व पत्नी यांचं प्रमाण मोठं आहे. मूळ आजाराचं नाव माहीत असणं म्हणूनच देणाऱ्या बाईच्याही हिताचं आहे.

मधुमेहाचा विचार तर घरोघरी करावा लागेल. मधुमेहाने किडन्या गेल्या असतील आणि नंतरही साखर आटोक्यात नसेल, तर नव्या किडनीत काही वर्षांनी तेच बदल दिसू लागतात. ज्यांना आधी मधुमेह नव्हता अशांनाही प्रत्यारोपणानंतर तो होऊ शकतो, कारण रिजेक्शन टाळण्यासाठी दिली जाणारी स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधं साखर वाढवतात.

औषधं चालू असताना आजार परततो कसा

रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात, मग प्रतिकारशक्तीतून येणारे हे आजार थांबत का नाहीत, असं रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे. या गोळ्यांचा मुख्य रोख टी पेशींवर असतो, कारण परकी किडनी ओळखून तिच्यावर चाल करून जाण्यात टी पेशी पुढे असतात. मूळ आजार मात्र अनेकदा वेगळ्या वाटेने येतो. आधीपासून अँटिबॉडी बनवत असलेल्या दीर्घायुषी पेशी, कॉम्प्लिमेंट, यकृतातला एन्झाइम किंवा रक्तातली साखर यांच्यावर या गोळ्यांचा जोर चालत नाही, किंवा अपुरा चालतो.

क्रिएटिनिन वाढलं, पण कशामुळे

नवी किडनी दुखावण्याची कारणं अनेक आहेत. रिजेक्शन आहे, विशेषतः दात्याच्या पेशींविरुद्ध नव्याने बनलेल्या अँटिबॉडींमुळे वर्षानुवर्षं चालणारं. टॅक्रोलिमससारखं औषध दीर्घकाळ घेतल्याने किडनीतच पडणारे व्रण आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग आहे. बीके नावाचा एक विषाणू आहे. तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की नव्या किडनीत डोकं वर काढतो. आणि परतलेला मूळ आजार आहे.

या सगळ्यांत क्रिएटिनिन सारखंच वाढतं. उपचार मात्र परस्परविरुद्ध असू शकतात. रिजेक्शनमध्ये औषधं वाढवावी लागतात, बीके विषाणूत ती कमी करावी लागतात. एफएसजीएस परतला तर रक्तद्रव बदलण्याची प्लाझ्माफेरेसिस ही प्रक्रिया लवकर सुरू करावी लागते. आयजीएमध्ये रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन कमी ठेवण्यावर भर असतो. म्हणून डॉक्टर बायॉप्सी सुचवतात तेव्हा घाबरून ती पुढे ढकलू नये. नवी किडनी त्वचेखाली जवळच असल्याने सोनोग्राफीत पाहून तिचा तुकडा घेणं तुलनेने सोपं असतं. त्या तुकड्याची साधी तपासणी रिजेक्शन सांगते. इम्युनोफ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्याशिवाय मात्र परतलेले अनेक आजार नजरेतून सुटतात. ही तपासणीही होणार आहे ना, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

क्रिएटिनिन मुळात उशिरा बोलतं. गाळण्यांचा मोठा भाग दुखावल्यावर ते हलतं. लघवीतलं प्रथिन आणि लाल पेशी त्याच्या पुष्कळ आधी खूण देतात. तरीही अनेक रुग्ण दर वेळी क्रिएटिनिनचा कागद आधी पाहतात आणि लघवीची तपासणी ‘नेहमीचीच’ म्हणून टाळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत जुन्या किडन्यांमधूनही थोडं प्रथिन येत असतं आणि पुढे ते कमी होतं. म्हणून पहिल्या काही महिन्यांतली संख्या लिहून ठेवावी. पुढची प्रत्येक तपासणी त्या संख्येशी ताडून पाहता येते.

आधी आणि नंतर करायच्या गोष्टी

प्रत्यारोपण ठरत असेल तर जुनी फाइल बाहेर काढा. पहिली बायॉप्सी झाली असेल तर तिचा अहवाल आणि शक्य असल्यास स्लाइड मिळवा. बायॉप्सी कधीच झाली नसेल आणि किडन्या आता आकसल्या असतील, तर ती आता करून फारसं कळत नाही. अशा वेळी घरातल्यांचा इतिहास, लहानपणची सूज, लाल लघवी, खडे, ऐकू कमी येणं, कुटुंबात कोणाचं डायलिसिस झालं का, हे सगळं नेफ्रॉलॉजिस्टना नीट सांगा. त्यांच्या निदानाला यातूनच दिशा मिळते.

नंतरच्या काळात गोळ्यांची वेळ चुकवू नका. एखादी गोळी संपली, महाग वाटली, त्रास झाला, तर मनाने बंद करण्याआधी दवाखान्यात फोन करा. दुसरं कुठलंही औषध सुरू करताना किडनी बदललेली आहे हे सांगा. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी खाली आणतं आणि रिजेक्शनला वाट मिळते. फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन तीच पातळी वर नेऊन किडनीला इजा करतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. अंगदुखीच्या गोळ्या आणि घटक माहीत नसलेली भस्मं, चूर्णं घेऊ नका. रक्तदाब घरी मोजा. लघवीला फेस आला, पाय सुजले, लघवी लालसर झाली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

हे सगळं वाचून प्रत्यारोपणाची भीती वाटू नये, अशी मनापासून इच्छा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात नेफ्रायटिसने किडन्या गमावलेल्या १,५०५ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ आजार परतल्यामुळे दहा वर्षांत नवी किडनी गमावण्याचं प्रमाण त्यात ८.४ टक्के निघालं. ते किडनी गमावण्याचं तिसरं मोठं कारण ठरलं, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं मुळीच नव्हतं. पण उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांना दहा वर्षांत या कारणाने किडनी गमवावी लागली नव्हती, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. आजार परतू शकतो म्हणून प्रत्यारोपण नाकारण्याची वेळ फार थोड्या रुग्णांवर येते. बाकीच्यांना डायलिसिसपेक्षा अधिक आयुष्य आणि अधिक मोकळं आयुष्य प्रत्यारोपणच देतं.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या मूळ आजाराचं नाव काय? तो नव्या किडनीत परत येऊ शकतो का? आला तर तो सर्वांत आधी कोणत्या तपासणीत दिसेल? उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला समजावून सांगा. दात्याने स्वतःच्या शरीरातून काढून दिलेल्या किडनीचं आयुष्य वाढवण्यासाठी रुग्णाच्या हातात जे काही आहे, त्याची सुरुवात या तीन उत्तरांपासून होते.